डॉक्टर उमाट्यांच्या पानावरची एक ओळ

कपाशी छातीला लागली की आमच्याकडच्या हवेला वास येतो. मातीचा नाही, फुलांचा नाही. गोडसर, सडक्या लसणासारखा, घशाच्या मागच्या बाजूला जाऊन चिकटणारा वास, आणि तो डब्यातून येतो. पोळा उलटला, उकाडा वाढला, पात्या-फुलं लागली की राळेगाव रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाठीवर निळे पंप घेतलेली माणसं कपाशीत बुडून जातात. फक्त डोकी दिसतात, आणि डोक्यांभोवती बारीक धुकं. एकदा पुण्याहून आलेली एक पाहुणी एसटीच्या खिडकीतून हे बघून म्हणाली, किती छान दिसतंय. मी उठून खिडकी लावून घेतली. तिला राग आला असेल. येऊ दे.

यंदाही तो वास आला आणि मला डॉक्टर श्रीराम उमाटे आठवले. खरं तर डॉक्टरांच्या आधी त्यांचा प्रश्न आठवला, "तोंड वाळलं का?" फवारणीत विष चढलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, अंगातून घाम; सगळं शरीर जणू पाझरायला लागतं. त्यावर जे इंजेक्शन देतात त्याने तोंड कोरडं पडतं. तोंड कोरडं पडलं म्हणजे औषध पोचलं. म्हणून काही वर्षांपूर्वी फवारणीने रांगेने माणसं पडली त्या हंगामात कळंब-राळेगाव रस्त्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात दिवसभर हाच प्रश्न ऐकू यायचा. बाकावर ओळीने बसलेले, डोळे चोळणारे, कोणी भिंतीला टेकलेला, कोणाला समोरचं दिसतच नव्हतं. आणि डॉक्टर प्रत्येकाच्या ओठाला बोट लावून विचारत फिरायचे. हो म्हणणारा माणूस त्या दिवशी घरी जायचा. इतका साधा हिशेब होता.

मी फोनवर त्यांचं नाव टाकलं. इंटरनेटवर तो एक ज्ञानकोश आहे, ज्यात कोणालाही लिहिता येतं. त्यात त्यांच्या नावाचं पान निघालं. तीन ओळी. श्रीराम उमाटे हे एक भारतीय डॉक्टर होते. ते यवतमाळ जिल्ह्यातील होते. त्यांनी समाजसेवा केली. वर एक चौकट, की ही व्यक्ती ज्ञानकोशात नोंद घेण्याइतकी महत्त्वाची आहे हे सिद्ध झालेलं नाही, न झाल्यास लेख काढून टाकण्यात येईल.

मग मी मुद्दाम त्या विषाचं पान उघडलं. ज्या विषाने माणसं डॉक्टरांच्या बाकावर येऊन पडत होती, त्या विषाचं. लांबलचक पान होतं. रेणूची आकृती, वितळण्याचं तापमान, कोणत्या किडीवर चालतं, खाली संदर्भांची रांग. त्याचं महत्त्व कोणी सिद्ध करायला सांगितलेलं नव्हतं. विषाला जागा आहे आणि उतरवणाऱ्याला सिद्धता द्यायची आहे. डोक्यात तिडीक गेली. त्याच दुपारी लिहायला बसले.

आता मला लिहिता येतं ते पत्रक. कळंबच्या एका लहानशा मजूर संघटनेत मी तेविसाव्या वर्षापासून पत्रकं लिहिते आहे. तिथे मला शिकवलं ते असं : वाक्य लहान ठेव, आरोप एकच ठेव, 'कदाचित' हा शब्द घरी ठेवून ये. मी तसंच लिहिलं. मुर्दाड यंत्रणा, झोपलेले अधिकारी, एकटा झुंजणारा डॉक्टर. अर्ध्या तासात सगळं पुसलं गेलं. एका संपादकाने, ज्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही, सभ्य भाषेत कळवलं की भाषा प्रचारकी आहे, आणि एकाही विधानाला संदर्भ नाही. मी विचारलं, माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते चालत नाही का? तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, दवाखान्यातले कंपाउंडर जिवंत आहेत, त्यांना विचारा. तो म्हणाला, छापील आणि स्वतंत्र स्रोत हवा. वर नम्रपणे आभार.

कंपाउंडर म्हणजे रशीदचाचा. कळंबला त्यांच्या भावाचं पंक्चरचं दुकान, आणि चाचा आयुष्यभर उमाट्यांच्या दवाखान्यात. त्या हंगामात त्यांचा हात सिरिंजवरून हलला नाही. त्यांच्याकडे डॉक्टरांची एक वही आहे, दोनशे पानी. आमच्याकडे विषबाधा झाली की घरचे पहिल्यांदा डबा लपवतात. पोलीस येतील, जीव द्यायला घेतलं म्हणतील, म्हणून डबा विहिरीत, नाही तर उकिरड्यात. डॉक्टर म्हणायचे, माणूस नंतर आणा पण डबा आधी आणा. आणि डबा आला की चाचा त्यावरचं लेबल पाण्याने भिजवून काढायचे, वाळवायचे आणि वहीत चिकटवायचे. डाव्या पानावर लेबल, उजव्या पानावर माणसाचं नाव, गाव, काय झालं, काय दिलं. त्या वहीला तेव्हा डिंकाचा आणि त्या विषाचा एकत्र वास यायचा. पानं फुगून वही मिटायची नाही, वर वजनाला बत्ता ठेवायचे.

मी चाचांकडे वही मागितली. ते म्हणाले, "नाही बेटा. यात पेशंटची नावं हायेत. डॉक्टरसाबनं सांगतलं होतं, ज्याचं पान त्यालेच दाखवायचं." मी चिडले. म्हटलं, त्याच पेशंटसाठी मागते आहे. ते हसले आणि चहा मागवला. वही दिली नाही.

शेवटी स्रोत सापडला. डॉक्टर दोन हिवाळ्यांपूर्वी गेले, हृदयाच्या दुखण्याने, अंथरुणावर, साध्या माणसासारखे. तेव्हा जिल्ह्यातल्या एका वर्तमानपत्रात अर्धं पान मजकूर आला होता. 'विषबाधा पहिल्याच रुग्णात ओळखणारे एकमेव डॉक्टर.' मी कात्रणाचा संदर्भ टाकला, ते वाक्य जसंच्या तसं टाकलं, बाकीचं शांत भाषेत लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौकट गेली. संपादकाने मला धन्यवाद दिले. मी त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत बसले. छान ठसठशीत ओळ होती. असणारच. ती माझी होती. वर्तमानपत्राने आमचं जुनं पत्रक उचललं होतं, शब्द न बदलता, आणि ते पत्रक मी लिहिलं होतं.

ही विजयाची बातमी घेऊन मी गेले गमलीयाडीकडे. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. गमलीबाई राठोड, राळेगावच्या अलीकडच्या तांड्यावर राहते, बंजारा समाजाची. तिचा नवरा देवसिंग त्याच हंगामात फवारणीत गेला. तिच्या अंगणात मुगाच्या शेंगा वाळत होत्या, ती काठीने झोडत होती. मी पान वाचून दाखवलं. तिने काठी थांबवली नाही. संपल्यावर म्हणाली, "हे फोनात सगळ्याइले दिसते?"

म्हटलं, सगळ्या जगाला.

"माह्या पोरीच्या सासूले?"

तिलाही.

"मंग ते पह्यल्या रुग्णाचं खोटं काहून लिहिलं?"

काठी थांबली होती. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. सुरुवातीपासून माहीत होतं.

तो दिवस पोळ्याच्या करीचा. पोळ्याचा दुसरा दिवस, आमच्याकडे त्या दिवशी कामं बंद असतात, मटण शिजतं आणि बऱ्याच गावांत बाटली फिरते. पण आभाळ स्वच्छ होतं आणि शेतमालकाला फवारणी उरकायची होती. बाकीचे मजूर आले नाहीत, देवसिंग गेला. त्या वर्षी डोक्यावरून वर गेलेली कपाशी, वारा पडलेला, अंगात बनियन. दुपारी तो दोन माणसांच्या मध्ये मोटारसायकलवर दवाखान्यात आला. तोल जात होता, जीभ जड, उलट्या. करीचा दिवस आणि तांड्याचा माणूस. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं आणि जे सगळ्यांच्या मनात होतं तेच त्यांच्याही मनात आलं. मागोमाग पोचलेली गमलीयाडी सांगत होती की त्यानं घेतली नाही, सकाळपासून पंप पाठीवर होता. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली, त्यात लिहिलं, दारूच्या नशेत. तिथल्यांनी चिठ्ठी वाचली आणि तेच कागदावर उतरवलं. दिवस मावळायच्या आत देवसिंग गेला. कागदावर तो अजूनही दारू पिऊन मेलेला आहे.

चौथ्या दिवशी तशाच अवस्थेत एक माळकरी आला. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यात थेंब न घेतलेला, अख्ख्या पंचक्रोशीला माहीत असलेला माणूस. तोल जात होता, जीभ जड, उलट्या. चाचा सांगतात, डॉक्टर त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून खुर्चीत बसले आणि त्यांनी मोठ्याने विचारलं, करीच्या दिवशी आलेल्या माणसाचं नाव काय होतं?

तिथून पुढे जे झालं ते सगळं खरं. डबे, वही, ओठाला लावलेलं बोट. तो माळकरी घरी गेला, त्याच्यामागून कितीतरी गेले. आणि ते सगळं चालू असतानाच एका दुपारी डॉक्टर तांड्यावर आले. मी त्यांच्यासोबत होते, चाचाही. त्यांनी तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, बैठक बोलवायला सांगितली. तांड्यावर बैठकीत नायकासमोर बोललेला शब्द पक्का. सोयरीक, भांडण, वाटणी, सगळं तिथे तोंडी ठरतं आणि कोणी नंतर कागद मागत नाही. डॉक्टर चप्पल काढून उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणाले, "देवसिंगने दारू घेतली नव्हती. त्याला विष चढलं होतं. बाई मला सांगत होती. मी तिचं ऐकलं नाही." बायका पदराआडून बघत होत्या. नायकाने पाणी दिलं, ते प्यायले.

परत येताना मोटारसायकल थांबवून त्यांनी मला सांगितलं, तुझ्या पत्रकात माझी चूक पहिल्या ओळीत घे. बाकीचे डॉक्टर वाचतील, पुढच्या तांड्यावरच्या माणसाकडे बघताना सावध होतील.

मी घेतली नाही. आमची लढाई चालू होती. समोर त्या विषाच्या कंपनीचे लोक होते, जे म्हणत होते की मजूर पिऊन फवारतात, हातमोजे घालत नाहीत, चूक त्यांचीच. त्यांच्या हातात मी 'आमच्याच डॉक्टरने दारू लिहिली' असं वाक्य देणार होते का? आपल्या बाजूच्या माणसाची चूक आपण छापत नसतो, हे मला संघटनेत कोणी शिकवलंही नव्हतं, ते हवेतच असतं. मी ओळ काढली. नुसती काढली असती तरी चाललं असतं. मी तिच्या जागी उलटी ओळ घातली, विषबाधा पहिल्याच रुग्णात ओळखणारे एकमेव डॉक्टर. जोर हवा होता. पत्रक छापून आल्यावर डॉक्टरांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, पत्रक चांगलं झालंय, माझ्याबद्दलचं सोडून. मला तेव्हा तो विनय वाटला. किती मूर्ख असावं माणसाने.

"पोरगी दर सणाले रडते," गमलीयाडी म्हणाली. "सासू म्हणते, पिऊन मेल्याची पोरगी. आमच्या बैठकीत डॉक्टर बोलले ते तिकडच्या तांड्याले कोठून माईत? तुमी लिहिलं असतं तं माईत झालं असतं. तुमी तं लिहाचं काम करता ना?"

घरी आले आणि ती ओळ पुसली. जागी खरं लिहिलं : पहिल्या रुग्णाच्या बाबतीत त्यांचं निदान चुकलं, त्यांनी तांड्यावर जाऊन जाहीरपणे चूक मान्य केली. तासाभरात जुनी ओळ परत आली. खाली टीप, की संदर्भासहित मजकूर विनाकारण काढला, संदर्भ नसलेला टाकला. मी पुन्हा पुसली. ती पुन्हा आली, आणि सोबत माझ्या खात्यावर इशारा, की ही लेखाची नासधूस समजली जाईल. म्हणजे बघा. अख्ख्या तांड्यासमोर, नायकाच्या साक्षीने, चप्पल काढून बोललेलं खरं. त्याला संदर्भ नाही. खोलीत पंख्याखाली बसून मी रचलेलं खोटं; त्याला संदर्भ आहे. आणि आता त्या खोट्याचं रक्षण एक अनोळखी, प्रामाणिक, सभ्य माणूस माझ्यापासून करत होता.

मी त्याला फार वाईट लिहिलं. शहरात बसून, वातानुकूलित, असलं सगळं. पाठवलं नाही. कारण नियम त्याचा बरोबर होता, आणि राग नेमका त्या गोष्टीचाच येत होता. तो म्हणत होता, कोणी सांगितलं एवढ्यावर लिहू नका, तपासा. देवसिंगच्या कागदावर कोणी तपासलं असतं तर? चिठ्ठीवरचा शब्द मोठ्या दवाखान्याने उतरवला, पत्रकातला शब्द पेपरने उतरवला, पेपरातला ज्ञानकोशाने. सगळे उतरवणारे निर्दोष. घाण पहिल्या हाताची. एकदा तो हात डॉक्टरांचा होता, दुसऱ्यांदा माझा. डॉक्टर चौथ्या दिवशी खुर्चीत बसले आणि त्याच हंगामात तांड्यावर गेले. मी इतकी वर्षं माझं खोटं कबूल करायला गेले नव्हते. आणि वर कंपनीला, कचेरीला, पुण्याच्या पाहुणीला, सगळ्यांना खरेपणा शिकवत हिंडत होते.

संपादकाला मी शेवटी खरं लिहिलं : ते वृत्त म्हणजे आमच्या पत्रकाची नक्कल आहे आणि ती ओळ खोटी आहे, मीच लिहिलेली आहे. त्याने उत्तर दिलं की तसं असेल तर मूळ पत्रक दाखवा. मात्र मग तो स्रोत स्वतंत्र उरत नाही, आणि दुसरा स्रोत नसल्याने लेखही उरणार नाही. यावेळी आभार नव्हते.

मी गमलीयाडीला घेऊन चाचांकडे गेले. एसटीच्या खिडकीतून सगळी वाट पंपवाले दिसत होते. चाचांनी तिला पाहिलं, काही न विचारता आत गेले आणि वही घेऊन आले. ज्याचं पान त्यालाच दाखवायचं, म्हणून मला बाजूला बसवलं. पहिलंच पान. लेबल पिवळं पडलं होतं, त्यावरचा विषाच्या खुणेचा लाल त्रिकोण तेवढा ताजा. तिने त्रिकोणावर बोट ठेवलं आणि उचललं नाही. चाचा वाचू लागले.

"देवसिंग भिका राठोड. चिठ्ठीवर मी दारू लिहिलं. ती माझी चूक. बाई खरं सांगत होती." खाली डॉक्टरांची सही.

तिने पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

मी सगळं समजावून सांगितलं. हे हाताने लिहिलेलं आहे, छापील नाही, तिथे चालणार नाही. पान ठेवायचं तर खोटी ओळ ठेवावी लागेल. मी पत्रक दाखवलं तर डॉक्टरांचं पानच जाईल. चाचांचा चेहरा पडला. म्हणाले, "राहू दे ना बेटा. डॉक्टरसाबचं नाव तं राहीन कुठी." त्यांनी तीस वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काढली होती. त्यांचं काय चुकलं?

गमलीयाडी वहीकडे बघतच बोलली. "त्या माणसानं माह्यासमोर चप्पल काढली होती, भाऊ. त्याच्या नावानं खोटं राहू द्याचं अन् माह्या माणसाचं खरं नाई राहू द्याचं, असं कसं?"

चाचांनी वही तिच्यापुढे सरकवली. म्हणाले, "पान तुयं हाय. तू म्हणशीन तं फोटो काढू दे हिले."

ती हो म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी जुनं पत्रक ज्ञानकोशाच्या चर्चेच्या पानावर चढवलं. डाव्या बाजूला पत्रक, उजव्या बाजूला कात्रण, खाली माझं नाव. आठवड्याभरात डॉक्टर उमाट्यांचं पान गेलं. त्या विषाचं पान आहे, त्यात कोणीतरी नुकताच एक नवा संदर्भ घातलाय. याचा राग गेलेला नाही आणि मी तो जाऊ देणार नाही. ज्यांच्याबद्दल कोणी छापत नाही त्यांना स्रोत कुठून येणार, हा प्रश्न मी त्या सभ्य माणसाला विचारून ठेवला आहे. तो म्हणाला, प्रश्न योग्य आहे.

नवं पत्रक काल छापून आलं. वहीच्या पानाचा फोटो आहे. डॉक्टरांची चूक आहे, त्यांची वही आहे, ओठाला लावलेलं बोट आहे, आणि आधीच्या पत्रकात मी काय केलं तेही आहे. संघटनेतल्या दोघांना हे पटलेलं नाही. म्हणाले, आपणच आपली किंमत घालवतोय. मी म्हटलं, असू दे. आमच्या पत्रकांवर लिहिणाऱ्याचं नाव कधी नसतं, यावर मी माझं घातलं. गमलीयाडीने एक गठ्ठा पदरात बांधला आणि आज सकाळच्या गाडीने लेकीच्या तांड्याकडे निघाली. वाचता येत नाही तिला. पहिली ओळ मात्र तिने माझ्याकडून पाठ करून घेतली, सासूसमोर स्वतः म्हणणार आहे :

देवसिंग भिका राठोड, फवारणी मजूर, करीच्या दिवशी कामावर होता. त्याने दारू घेतली नव्हती.